किशोरीची कोरी खोली

गावपळणीच्या दुसऱ्या दिवशी किशोरी शीव ओलांडून गावात गेली, घरातून कायतरी घेऊन आली, आणि म्हणूनच चौथ्या दिवशी देवाने डावा कौल दिला, अशी आमच्याकडे बोलवा आहे. गुरुदासआबा ही गजाल तिठ्यावर सांगतात तेव्हा आधी खाकरतात, मग आवाज खाली आणतात, आणि 'माझ्या ह्या डोळ्यांनी' म्हणताना चष्मा काढून दाखवतात. चष्मा काढल्यावर त्यांना समोरचा माडही दिसत नाही, ही गोष्ट वेगळी.

खरं ते असं. किशोरीची स्कूटर शिवेवरच्या दगडापर्यंत गेली, तिथे पाऊण तास उभी राहिली आणि परत फिरली. दगडापलीकडे तिचं पाऊलही पडलं नाही. पण पाऊण तास एक बाई दगडाशी उभी होती आणि काहीच झालं नाही, ही गजाल कोण ऐकणार? म्हणून लोकांनी मधलं आपापल्या परीने भरून घेतलं.

ज्यांना ही रीत ठाऊक नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. दर तीन-चार वर्षांनी देवाचा कौल झाला की आमचा सगळा गाव तीन दिवस, तीन रात्री गाव सोडतो. माणसं, गुरं, कुत्री, मांजरं, कोंबड्या, सगळी. शिवेपलीकडे माडाच्या झापांच्या खोपी उभ्या राहतात, तीन दगडांच्या चुली मांडल्या जातात. घराला कडी घातली की मागे वळायचं नाही. न्यायचं ते आधीच न्यायचं. विसरलं ते विसरलं. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावतात. उजवा झाला तर घरी, डावा झाला तर आणखी एक दिवस खोपीत.

किशोरी पस्तिशीची. अकरा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि चार वर्षांपूर्वी आईसाठी गावी आली. तेव्हापासून माजघरातल्या टेबलावर लॅपटॉप मांडून त्याच कंपनीचं काम करते. तिचे दोन आवाज आहेत. आईशी बोलताना 'खंय', 'माका', 'कित्याक'. पुण्याहून अजय सरांचा फोन आला की पाठ आपोआप ताठ होते आणि 'हो सर, बघते सर, मी पुन्हा एकदा करून बघते' असं इस्त्री केलेलं मराठी सुरू होतं. फोन ठेवला की दुसऱ्याच श्वासात, 'आये, चायत साखर घालूक नाय गो.'

तिची कंपनी लशींच्या फ्रिजांवर नजर ठेवणारा प्रोग्राम बनवते. आडगावच्या दवाखान्यातला फ्रिज जास्त तापला किंवा जास्त गारठला की हा प्रोग्राम बोंब मारतो. लस तापली तरी फुकट, गोठली तरी फुकट. यंदा एक मोठं गिऱ्हाईक मिळालं होतं, आणि त्याची अट रास्त होती. तयार प्रोग्राम नको, म्हणाले ते. आमच्या मशीनवर, तुमच्या यादीतल्या सामानातून, आम्ही आमच्या हातांनी तो उभा करू. उद्या तुमची कंपनी बंद पडली तर आम्ही अडायला नको.

यासाठी किशोरीला रोज एक कोरी खोली बांधावी लागे. खरी नव्हे, संगणकाच्या पोटातली. चारी बाजूंनी बंद, आत काही नाही. मग यादीत लिहिलंय तेवढंच सामान आत ठेवायचं आणि त्यातून प्रोग्राम जोडायला सांगायचं. उभा राहिला तर यादी पुरी. पडला तर कायतरी राहिलंय. मग खोली मोडायची आणि पुन्हा बांधायची. तिच्या आईने, रुक्मिणीकाकीने, हे एकदा नीट ऐकून घेतलं आणि वाडीत सांगितलं, "माझा चेडू रोज धा घरां बांधता नि धा मोडता. ऱ्हवता मात्र माझ्याकडेच."

अडचण अशी की किशोरीच्या कोऱ्या खोलीत प्रोग्राम दर वेळी उभा राही, आणि गिऱ्हाइकाच्या कोऱ्या खोलीत दर वेळी पडे. एकाच जागी पडे. शेवटची ओळ तीच: अमुक वस्तू सापडली नाही.

पंधरा दिवस ती त्या ओळीमागे होती. आधी वाटलं, त्यांच्याकडे सामान उतरवताना अर्धवट उतरलं असेल. पुन्हा उतरवलं; तेच. मग कळलं की त्यांच्या मशीनचं घड्याळ आठ महिने मागे आहे, आणि तारीख चुकली की बाहेरचं कुणी त्या मशीनवर विश्वास ठेवत नाही. घड्याळ लावलं, तेच. मग जागा कमी पडतेय असं दिसलं. जागा केली, तेच. प्रत्येक वेळी एक खरा दोष सापडे, प्रत्येक वेळी तो दुरुस्त होई, आणि प्रत्येक वेळी प्रोग्राम जाऊन त्याच ओळीवर आपटे. आमटीत मीठ नाही हे किशोरीला तिसऱ्या दिवशी कळलं.

मग अजय सरांचा फोन आला. माणूस वाईट नाही. त्यांच्या आवाजात राग कमी आणि दमणूक जास्त असते.

"माझ्याकडे होतंय सर," किशोरी म्हणाली.

"तुझ्याकडे होतंय हे मला माहीत आहे, किशोरी. पण गिऱ्हाइकाला मी तुझं घर तर पाठवू शकत नाही ना?"

मग त्यांनी पुढचं सांगितलं. शुक्रवार संध्याकाळपर्यंत तिकडे प्रोग्राम उभा राहिला पाहिजे. लांबून काम होत नाही, असं वरचे लोक वर्षभर म्हणतायत, आणि या वेळी त्यांना द्यायला उत्तर नाही. नाही जमलं तर एक तारखेपासून तिने पुण्यात, ऑफिसात येऊन बसायचं.

पुणं म्हणजे काय ते किशोरीला ठाऊक होतं. रुक्मिणीकाकीला काचबिंदू. दोन वर्षांपूर्वी ऑफिसने बोलावलं तेव्हा तिला चार महिने पुण्यात भाड्याच्या फ्लॅटवर नेलं होतं. तिथे ती पलंगावरून उतरेनाशी झाली. न्हाणीच्या दारावर तीनदा कपाळ आपटलं. ताटात काय कुठे आहे ते विचारायची, आणि विचारायची लाज वाटू लागली तेव्हा जेवणच अर्ध्यावर आणलं. गावी परत आणली तर पहिल्याच दिवशी माजघरातून मागीलदारी तरुण बाईसारखी चालत गेली, विहिरीवर कळशी भरली, तुळशीला पाणी घातलं. गावच्या हवेने डोळे सुधारले, असं किशोरीला वाटलं. कुडाळच्या डॉक्टरांनी पुन्हा तपासायला बोलावलं होतं, पण काकी म्हणे, बरा दिसता माका, कशाक जावचा. दीड वर्ष ते राहूनच गेलं.

अशात कौल झाला आणि गावपळण ठरली. मंगळवारी गाव सोडायचा, शुक्रवारी सकाळी परतीचा कौल. बरोब्बर तेच दिवस.

किशोरीने ते अजय सरांना सांगितलं. त्यांनी विचारलं, म्हणजे नक्की कुठे जाणार तुम्ही? जंगलात, असं उत्तर किशोरीच्या ओठांवर आलं होतं, पण ती म्हणाली, "काजूच्या बागेत सर. नेटवर्क आहे तिथे."

नेटवर्क खरंच होतं, घरापेक्षा बरं. शिवेपलीकडे आमच्या वाडीतल्या विमलाकाकूंचं माहेर, तिथून त्यांनी खोपीपर्यंत वायर ओढून दिली. मंगळवारी दिवेलागणीला बाहेर बाया फुगड्या घालत होत्या, कुणाच्या तरी चुलीवर बांगडे भाजत होते. झापांच्या भिंतीला टेकून किशोरीने लॅपटॉप उघडला, कोरी खोली बांधली, आणि चार वर्षांत प्रथमच तिचा स्वतःचा प्रोग्राम तिच्या स्वतःच्या मशीनवर पडला.

कालपर्यंत निदान तिच्याकडे तरी होत होतं. आता तेही गेलं.

कारण तिला लगेच समजलं, म्हणजे समजलं असं वाटलं. घरी टीव्हीखाली एक हार्ड डिस्क होती. ती राहिली. आमच्याकडे पावसाळ्यात चार-चार दिवस वीज नसते, नेट नसतं. म्हणून सगळ्या घरांत जशी आगोटीआधी तांदूळ, सुकी मासळी, कोकमं अशी बेगमी होते, तशी किशोरीनेही पहिल्याच वर्षी प्रोग्रामला लागणाऱ्या शेकडो बारीकसारीक तुकड्यांची बेगमी त्या डिस्कवर करून ठेवली होती. आणि कोऱ्या खोलीला सांगून ठेवलं होतं की यादीतलं सामान बाहेर नेटवर शोधण्याआधी या कोठारात बघ. त्या सांगण्याला चार पावसाळे झाले. ते तिच्या डोक्यातून गेलं होतं.

सकाळी उठून जायचं आणि डिस्क आणायची, एवढंच ती त्या संध्याकाळी ठरवू शकली. स्कूटरने दहा मिनिटं. कोण बघतंय?

बुधवारी सकाळी रुक्मिणीकाकी खोपीतून चुलीकडे निघाली आणि पडली. चूल दहा पावलांवर, मध्ये पाण्याचा हंडा. हंड्यावर पाय आपटून ती कोपरांवर पडली. सालटं निघाली, बाकी काही नाही. किशोरी धावली. काकी उठली नाही. तशीच मातीत बसून राहिली, हात समोर धरून, जसे काही ते हात दुसऱ्या कुणाचे आहेत.

"किशोरी, एक सांगू?" ती म्हणाली. "घरात माका दिसता असा माकाच वाटायचा. हंय इलंय तेवां कळला. दिसणा काय नाय गो. घर पाठ आसा."

किशोरीने जखम धुतली, हळद लावली. मग सुंभाची दोरी आणली आणि खोपीच्या मेढीपासून चुलीजवळच्या काजूपर्यंत बांधली, म्हणजे आईला धरून जाता येईल. आणि दोरीची गाठ मारून झाल्यावर स्कूटर काढली.

शिवेजवळ गुरुदासआबा गुरं राखत होते.

"खंय चललंस गो?"

"हंयच."

"हंयच म्हणतंस नि तोंड थंय," आबा म्हणाले, आणि नेमकी त्यांची पाडी बांधावरून पलीकडच्या भाताच्या कुणग्यात उतरली, म्हणून तिच्यामागे गेले.

दगडाशी किशोरीने स्कूटर थांबवली. समोर उताराला गाव. एकाही घरातून धूर नाही, कुठे भांड्याचा आवाज नाही, कोंबडा आरवत नाही. माडांमधून तिच्या घराच्या कौलांची एक पट्टी दिसत होती. त्या घरात माजघरातून मागीलदारापर्यंत सात पावलं. मग उजवीकडे पाटा. पाट्याला हात लागला की तीन पायऱ्या. पायऱ्या संपल्या की तुळस. हे आईने तिला कधी सांगितलं नव्हतं; ते आत्ता तिला आठवत होतं, कारण दीड वर्ष ती रोज ते बघत होती. आईचा हात भिंतीवरून कसा सरकतो ते तिने बघितलं होतं. सवय आहे, म्हणून सोडून दिलं होतं.

तिने स्कूटरचं बटण दाबलं, पुन्हा बंद केलं.

डिस्क आणली की काय होणार? प्रोग्राम उभा राहील. तिच्याकडे. कालपर्यंत राहत होता तसाच. आणि गिऱ्हाइकाकडे पडेल, कालपर्यंत पडत होता तसाच. पंधरा दिवस ती त्यांची खोली तपासत होती. त्यांचं घड्याळ, त्यांची जागा. तिची स्वतःची खोली कोरी नव्हतीच. तिला एक मागीलदार होतं, आणि ते तिनेच ठेवलं होतं. काल संध्याकाळी पडलं ते पहिल्यांदा खरं पडलं.

हे कळायला पाऊण तास लागला, असं ती म्हणते. मला वाटतं कळायला दोन मिनिटं लागली असतील आणि उरलेला वेळ ती घराकडे बघत होती. आबा पाडी घेऊन बांधावर आले तेव्हा त्यांना किशोरी शिवेकडून येताना दिसली. एवढं त्यांना पुरलं.

खोपीत परतून तिने पहिलं काम काय केलं, तर कोठाराकडे जाणारी वाट लॅपटॉपमधून पुसून टाकली. खोली नव्याने बांधली आणि प्रोग्राम मुद्दाम पडू दिला. तीन वस्तू सापडत नव्हत्या. दोन बाहेर मिळाल्या, जरा नव्या रूपात. त्या यादीत लिहिल्या. तिसरी जगात कुठे मिळेना. फ्रिजच्या आतल्या काटकीसारख्या यंत्राकडून जो विजेचा आकडा येतो त्याचं अंशांत रूपांतर करणारा तो लहानसा तुकडा होता. कुणा परदेशी माणसाने फुकट लिहून ठेवला होता आणि दोन वर्षांपूर्वी कुणाला न सांगता काढून घेतला होता. त्याची एक प्रत किशोरीच्या टीव्हीखाली कडी घातलेल्या घरात होती. पण ज्याला धनी नाही ते सामान गिऱ्हाईक यादीत घेणार नव्हतं. ती प्रत शुक्रवारी हाती आली असती तरी उपयोगाची नव्हती.

तेव्हा नवा तुकडा लिहिणं आलं. यंत्र बनवणाऱ्यांनी छापलेला आकड्यांचा तक्ता तिने शोधून काढला आणि बुधवार दुपारपासून लिहायला बसली. काकी दोरीला एक हात लावून शेजारी बसे, दुसऱ्या हाताने वाल सोली. मधूनच विचारी, "उबा ऱ्हवला?" किशोरी म्हणे, "नाय." काकी म्हणे, "ऱ्हवात." पुन्हा वाल. गुरुवारी दुपारी तुकडा चालला, पण शून्याखालचे अंश उलटे येत होते. गोठलेली लस त्याने उबदार दाखवली असती. तोही दोष निघाला. चार वाजता तिने सगळं पाठवून दिलं आणि आईच्या शेजारी आडवी झाली.

शुक्रवारी सकाळी देवाने डावा कौल दिला. आणखी एक दिवस खोपीत. लोक कुरकुरत परतत होते तेवढ्यात फोन आला: गिऱ्हाइकाकडे पुन्हा पडलं.

अजय सर नुसतं "हं" म्हणाले. किशोरीने मात्र विचारलं, कुठे पडलं? गिऱ्हाइकाकडे दीपिका नावाची मुलगी हे काम बघते. तिला तिने शेवटच्या ओळी वाचून दाखवायला सांगितल्या. दीपिका एकेक अक्षर सुटं करून वाचत होती, परीक्षेत वाचावं तसं. ओळ नवी होती. प्रोग्राम त्या जुन्या जागेच्या कितीतरी पुढे जाऊन, अगदी उंबऱ्यावर पडला होता. त्यांच्या खोलीतून बाहेरचं नेट मुळीच दिसत नाही, आणि किशोरीची खोली अगदी शेवटी एक वस्तू बाहेर मागत होती. तीही यादीत गेली. दुपारी अडीच वाजता दीपिका म्हणाली, "हो गया दीदी."

अजय सर म्हणाले, छान झालं. मार्चपर्यंत तुझं तिथूनच चालू दे, पुढचं मार्चमध्ये बघू.

एवढंच मिळालं. किशोरीने ते आईला जसंच्या तसं सांगितलं.

"मार्चात शिमगो," काकी म्हणाली. "शिमग्यात गाव सोडून कोण जाता?"

मग किशोरी म्हणाली की सोमवारी कुडाळला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. या वेळी काकीने 'बरा दिसता' म्हटलं नाही. फक्त दोरीवरून बोटं फिरवत "बरा" म्हणाली. आता किती उरलंय आणि किती राखता येईल, ते सोमवारी कळणार होतं. किशोरीने खूप वेळ तिचा हात हातात धरून ठेवला होता.

संध्याकाळी सगळे चुलींभोवती बसले असताना गुरुदासआबांनी विषय काढलाच. कोणीतरी शीव ओलांडली, म्हणान देव रागावलो. नाव घेतलं नाही, पण मान किशोरीच्या खोपीकडे वळवली. उत्तर आलं दोरीच्या टोकाकडून.

"गुरुदासा, माका दिसणा नाय म्हणान मी सांगणंय नाय," रुक्मिणीकाकी म्हणाली. "तुका दिसणा नाय तरी सांगतस."

हशा पिकला. आबाही हसले. बोलवा मात्र तशीच राहिली. ती कुणाच्या हशाने मरत नाही.

त्याच हशात मी, वाडीतलीच धाकटी पोर, किशोरीतायला म्हटलं की एवढे पंधरा दिवस घालवलेस, पण एक यादी पुरी करायला इतकं काय लागतं? ती म्हणाली, चाय करून दाखव. बाजूच्या रिकाम्या खोपीत, यादीत लिहिशील तेवढंच सामान. पैज ठरली: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या कोंबड्या डोक्यावरून घरी न्यायच्या. मी कागद घेऊन नीट बसले. तीन दगड, लाकडं, काडेपेटी, टोप, पाणी, दूध, साखर, चहापूड, आलं, आलं ठेचायला गोटा, गाळणी, दोन कप, ढवळायला चमचा. तेरा वस्तू. ताय दाराशी बसून बघत राहिली. चाय उकळली, मी उतरवली, गाळली, तिच्या हातात कप दिला. तिने सगळी प्यायली, बरी झालीय म्हणाली, कप खाली ठेवला.

"टोप कशान उतरवलंस?"

"ओढणीन," मी म्हटलं.

तिने कागद माझ्याकडे फिरवला. "ओढणी खंय आसा ह्यात?"

शनिवारी कौल उजवा झाला, आणि तायच्या सात कोंबड्यांचं डालगं डोक्यावर घेऊन मी शीव ओलांडली.